नोएमीबाई सुट्टीवर जातात तेव्हा

काचेच्या दारापलीकडे एक उंच तरुण पावसात भिजत उभा होता आणि आत ऑर्नेलाची किल्लीशी झटापट चालली होती. डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, दार ढिम्म हलेना. बाहेरून तो हातवारे करत होता. आधी दार स्वतःकडे ओढ, असं त्याला सांगायचं असावं. तिने ओढलं आणि कुलूप उघडलं.

"गेल्या मंगळवारपर्यंत नोएमीबाई सत्तरीच्या होत्या," केसांतलं पाणी झटकत तो आत आला. "आज एकदम तरुण झाल्यात!"

"त्यांचा गुडघा धरलाय. जिना उतरवत नाही म्हणाल्या. ही किल्ली तेवढी वर नेऊन दे."

"म्हणजे तुझ्यानंतर माझा नंबर असतो?"

"असेल. आणि वर कागदी रुमाल नाहीत, आधीच सांगते. शेवटचा मी वापरला."

"अरे देवा! मग मी रडू कशात?"

"बाहीत," ऑर्नेला म्हणाली आणि फस्सकन हसली. दोन मिनिटांपूर्वी तिचे डोळे गळत होते. आता नाक लाल, डोळे सुजलेले, आणि समोर हा असा देखणा माणूस... छे! ती छत्री न उघडताच पळाली.

आमच्या ब्वेनोस आइरेसमध्ये जुन्या इमारतींची दारं आतूनही किल्लीशिवाय उघडत नाहीत. म्हणून प्रत्येक पेशंटला सोडायला नोएमीबाई स्वतः खाली येत. आणि पेशंट म्हणजे कोणी वेडं माणूस नव्हे हं. या शहरात एक वेळ दातांचा डॉक्टर नसला तरी चालतो, मनाचा लागतोच. ऑर्नेला चष्म्याच्या दुकानात काम करायची, मैत्रिणींत खिदळायची, आणि दर मंगळवारी नोएमीबाईंपुढे बसून मन मोकळं करायची. तेही वेळ संपायच्या आधीच उठून जायची. म्हणून तर पुढच्या पेशंटशी तिची कधी गाठ पडली नव्हती. त्या दिवशी रडण्यात उशीर झाला, एवढंच.

आधी उठण्याची ही खोड जुनी होती. लहानपणी एका संध्याकाळी तिचे बाबा कोपऱ्यावर जाऊन येतो म्हणाले, ते परत आलेच नाहीत. मोठेपणी लग्न ठरलेल्या मुलाने माद्रिदला पोहोचल्यावर फोन करून लग्न मोडलं. त्यानंतर ऑर्नेलाने मनाशी पक्कं केलं होतं, यापुढे कोणी सोडून जायच्या आत आपणच निघायचं. वाढदिवसाचा केक कापण्याआधी ती निघायची. सिनेमा संपण्याआधी निघायची. कोणी आवडायला लागलं, तर त्याच्या आयुष्यातूनही वेळेआधीच निघायची.

पुढच्या मंगळवारी मात्र ती वेळ संपेपर्यंत बसून राहिली. नोएमीबाईंनी चष्म्यावरून एकदा पाहिलं. गुडघा अजून दुखत होता, त्यामुळे किल्ली पुन्हा ऑर्नेलाच्या हाती आली.

त्याचं नाव रेंझो. त्याच्या वडिलांचं ताज्या पास्त्याचं दुकान होतं आणि तो तिथंच पीठ मळायचा. आमच्याकडे भेटताना गालाला गाल लावतात, त्यात काही विशेष नाही. पण घरी जाऊन आरशात पाहिलं तर गालावर पिठाचा पांढरा डाग! ऑर्नेलाने तो लगेच पुसला नाही.

मग दर मंगळवारी दारात किल्लीची देवाणघेवाण आणि थट्टा चालू झाली.

"आज कोणाबद्दल रडलीस?"

"तुला काय करायचंय? स्वतःचं बघ."

"माझं काय बघायचं! मी बाईंना विनोद सांगतो, त्या हसत नाहीत, आणि मी पैसे देऊन घरी जातो."

बोलता बोलता बोटांना बोटं लागायची आणि किल्ली हातातून निसटायची. ती उचलायला दोघं एकदम वाकायची... आणि वरून बाईंची हाक यायची, "रेंझो! जिन्यात झोप लागली का रे?"

जानेवारीच्या शेवटी ठरल्याप्रमाणे आकाश कोसळलं. आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा; तेव्हा शहरातले झाडून सगळे मनाचे डॉक्टर समुद्रावर जातात आणि आम्ही पोरके होतो. नोएमीबाईही निघाल्या.

"आता महिनाभर आपण काय करायचं?" रेंझोने दारात विचारलं. "बरं व्हायचं?"

"शक्यच नाही."

"मग समोरच्या कॅफेत ये. अर्धा वेळ तू बाई, अर्धा वेळ मी."

ती गेली. दोघांमध्ये कॉफी आणि चंद्रकोरीसारखे गोड पाव. रेंझो नाकावर चष्मा आहे असं समजून तो सावरायचा आणि बाईंच्या घोगऱ्या आवाजात विचारायचा, "आणि मग... तुला काय वाटलं?" ऑर्नेला हसून हसून बेजार व्हायची. पण हसता हसता ती खरंही बोलू लागली. बाबांचं सांगितलं. माद्रिदचं सांगितलं. बाहेर उन्हाळ्याची रणरण असायची, पंखा कुरकुरायचा, आणि रेंझो हनुवटीखाली हात घेऊन असा ऐकायचा, जणू त्याला दुसरं कामच नाही.

महिना सरत आला तशी एका मंगळवारी तिने धीर केला.

"रेंझो, मी सगळीकडून लवकर निघते, माहीत आहे ना तुला? पण इथून... म्हणजे तुझ्यासमोरून... मला उठावंसंच वाटत नाही."

रेंझोचे कान लाल झाले. त्याने टेबलावर दोन बोटं वाजवली आणि बाईंच्या आवाजात म्हणाला, "बरं. आज इथंच थांबू या."

आता हे आमच्या डॉक्टरांचं खास तंत्र. पेशंटच्या तोंडून मोलाचा शब्द पडला रे पडला, की वेळ आटोपायची. तो शब्द मग आठवडाभर डोक्यात घोळत राहतो म्हणे. रेंझोने केली ती चेष्टाच. पण ऑर्नेलाच्या काळजात चर्र झालं. जन्मात पहिल्यांदा तिने 'थांबते' म्हटलं, आणि समोरच्याने दार दाखवलं!

"छान जमतं तुला," ती म्हणाली आणि पर्स उचलून निघून गेली. मागून "ऑर्नेला! अगं, ऐक तरी!" ऐकू आलं, पण तिने वळून पाहिलं नाही. त्याच्या फोनला आणि निरोपांनाही उत्तर दिलं नाही.

मार्चमध्ये नोएमीबाई उन्हाने तांबूस होऊन परतल्या. ऑर्नेलाने सगळं भडाभडा सांगितलं.

"हं. आणि तो तसं म्हणाला, तेव्हा काय करत होता?"

"काय करणार? हसत होता."

"हात कुठे होते त्याचे?"

ऑर्नेला आठवू लागली. दोन बोटं टेबलावर... आणि दुसरा हात? दुसऱ्या हाताने त्याने साखरेची पुडी फोडून पाण्याच्या ग्लासात ओतली होती. साखर टेबलभर सांडली होती.

"बाई, तो... घाबरला होता?"

"आज इथंच थांबू या," नोएमीबाई म्हणाल्या. त्या खोलीत फेकून मारायला उशीशिवाय काही नव्हतं, म्हणून बरं!

खाली दारात रेंझो नव्हता. कुत्र्याला कडेवर घेतलेली एक आजी उभी होती. रेंझोने आपली वेळ बदलून घेतली होती. आता त्याला आयुष्यातून जाऊ द्यायला ऑर्नेलाला काहीही करावं लागणार नव्हतं. नुसतं घरी बसलं, की झालं. तेच तिला असह्य झालं.

रविवारी दुपारी ती त्याच्या दुकानात गेली. रविवारच्या जेवणाला ताजा पास्ता न्यायला अख्खी गल्ली रांगेत होती. ऑर्नेला रांगेत उभी राहिली. दोनदा पाय दाराकडे वळले, दोनदा तिने ते ओढून आणले. शेवटी काउंटर आला. पांढरी टोपी घातलेला रेंझो तिला पाहून दचकला.

"राव्योली देऊ? पालक भरलेली आहे, भोपळा भरलेली आहे, आणि पश्चात्ताप भरलेली..."

"विनोद नको, रेंझो. मला त्या दिवशी खूप लागलं. ते सांगायला आलेय."

"बोलणं लांबणार असेल तर माझी अर्धा किलो आधी बांध रे," मागून एक बाई म्हणाली.

"गप गं, बोलू दे तिला!" दुसरीने दटावलं. "हे एवढं बोलायला मला बारा वर्षं डॉक्टरकडे जावं लागलं!"

रेंझोने टोपी काढली. केसांत पीठ, कपाळावर पीठ.

"कोणी मनातलं बोललं ना, की माझ्या तोंडून चेष्टाच निघते. आई गेली तेव्हा स्मशानातसुद्धा मी लोकांना हसवत होतो. तू बोललीस आणि मला इतका आनंद झाला, की मी घाबरलो. मग वाटलं, तुला आता माझं तोंडही बघायचं नसेल, म्हणून वेळ बदलली." तो काउंटरवरून पुढे वाकला. "तू आवडतेस मला, ऑर्नेला. फार आवडतेस. आणि बघ ना... आत्ता एकही विनोद सुचत नाहीये."

"सुटली बाबा एकदाची गाठ!" अर्धा किलोवाली म्हणाली आणि तिनेच डोळे पुसले.

"रेंझो! गिऱ्हाइकं खोळंबलीत!" आतून त्याचे वडील गरजले.

"दुकान बंद होईपर्यंत... थांबशील?"

काय गंमत आहे पाहा. नकार मिळाला असता, तर ऑर्नेला ताठ मानेने घरी गेली असती. होकार मिळाला आणि तिला पळून जावंसं वाटलं. आता गमवायला काहीतरी होतं! दार चार पावलांवर उघडं होतं. रेंझोच्या वडिलांनी एक स्टूल आणून भिंतीशी ठेवलं.

ती बसली. रांग सरकत राहिली. रेंझो वजन करत होता, पुडे बांधत होता, आणि मध्येच मान वर करून भिंतीकडे पाहत होता. मग काउंटरवरचा पास्ता संपला म्हणून त्याला आणखी पीठ मळायला मागच्या खोलीत जावं लागलं. तो बराच वेळ आत होता आणि तिथून दुकान दिसत नव्हतं. शेवटचं गिऱ्हाईक गेलं, वडिलांनी शटर अर्धं खाली ओढलं. त्या आवाजाने रेंझो हात न धुताच धावत बाहेर आला. आधी त्याने दाराकडे पाहिलं, बाहेर रस्त्यावर कोणी नव्हतं. मग जरा भीतच त्याने भिंतीकडे पाहिलं.

"आहेस!"

"आहे," ऑर्नेला म्हणाली. "भूक लागलीये. काय शिजवतोस?"