पूजा हलवायची राहिली

खंडेनवमीला शाळेला सुट्टी आणि नवऱ्याची, मुकुलची, नेमकी मीटिंग, म्हणून आसावरी सहा वर्षांच्या लेकीला, अंतराला, माजिवड्याच्या लॅबमध्येच घेऊन आली. पोरीचा पुढचा दात हलत होता. भेटेल त्याला ती तो जिभेने हलवून दाखवत होती.

"अगं, पुरे आता! पडतोय बघ दोन दिवसांत," आसावरी म्हणाली.

पण तिचं लक्ष दातात कुठलं असायला! फेलोशिप दिवाळीला संपत होती आणि सगळं घोडं एका जनुकावर अडलं होतं. भेंडीवर केवडा पडला, म्हणजे पानं पिवळी पाडणारा तो विषाणू लागला, की झाडातली कुठली जनुकं जागी होतात हे ती मोजायची. मोजायला माप लागतं. झाड निरोगी असो की रोगट, पान कोवळं असो की जून, ज्याचा आकडा जागचा हलत नाही असं एक जनुक. नावाजलेली सगळी तिने तपासून पाहिली. केवडा पडला की एकूण एक डगमगायची. मापच असं हलायला लागलं तर तोलायचं काय, कपाळ?

पूजा दरवर्षीसारखी झाली. मायक्रोस्कोपपासून फ्रिजपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू, आणि जनुकं मोजणाऱ्या पीसीआर मशीनला झेंडूची माळ. मान त्याचा.

"आज कुणी यंत्राला हात लावायचा नाही हं," गाईड सुहासिनी मॅडम म्हणाल्या. "उद्या अक्षता टाकून पूजा हलवली, की मग काय ती कामं." पेढे खाऊन मंडळी घरी गेली.

आसावरी मागे राहिली. नमुने भरून ठेवलेली प्लेट फ्रिजमध्ये होती; यादीतलं शेवटचं, फारसं कुणी न वापरलेलं जनुक. असलं काही ती मानत नव्हती, आणि वेळ तरी कुठे होता? माळ न काढताच तिने प्लेट आत सरकवली.

"मी दाबू बटण?" अंतराने विचारलं. तिच्या बोटाला ओलं कुंकू होतं.

"दाब."

दुपारी पडद्यावर रेषा उमटल्या. निरोगी, रोगट, मरायला टेकलेली, सगळ्या झाडांच्या रेषा एकावर एक. "अगं बाई! सापडलं की!" आसावरीने लेकीला उचलून गरकन फिरवलं.

मग तिची नजर कोपऱ्यातल्या खाचेकडे गेली. तिथे नुसतं पाणी होतं. काही मिसळलंय का हे कळावं म्हणून एका खाचेत दर वेळी पाणीच घालतात. त्याची रेष सपाट यायला हवी. ती इतरांच्याच रेषेत जाऊन बसली होती.

"हातून काहीतरी मिसळलंय तुझ्या," मॅडम फोनवर म्हणाल्या. "पुन्हा कर."

दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा हलवली. पीसीआरमध्ये मात्र आसावरीची दुसरी प्लेट चालू होती. "राहू दे, ते नंतर बघू," मॅडम म्हणाल्या, आणि ते राहिलंच.

नवं पाणी, नवे ग्लोव्हज, नवी रसायनं. तोच आकडा. मशीन बिघडलंय म्हणावं, तर बाकीची जनुकं नेहमीसारखी डगमगत होती.

दिवाळी तोंडावर आली. मशीनवरची माळ अजून टवटवीत होती, सकाळीच आणल्यासारखा वास येत होता. लॅबमागच्या शेडमधल्या भेंडीचा केवडा वाढत नव्हता, हटतही नव्हता. उद्या फुलतील असं वाटणाऱ्या कळ्या तशाच मिटलेल्या. पानांमागची पांढरी माशी हात लावला तरी उडेना.

कोपरीच्या घरी आसावरी-मुकुलने अंतराला वाढत्या अंगाचा फ्रॉक आणला होता. तो तिला घालून बघताना मुकुल म्हणाला, "अगं, हिची नखं कापलीस का तू? वाढलेलीच नाहीत."

"आई, माझा दात पडत का नाही गं?" अंतरा म्हणाली.

आसावरीला बटणावरचं तिचं कुंकवाचं बोट आठवलं.

रात्री झोप लागली नाही. सकाळी तिने कापसाची काडी लेकीच्या गालाच्या आतून फिरवली आणि लॅब गाठली. रसायनं भेंडीसाठी बनवलेली. माणसाच्या नमुन्यात त्यांना काही सापडूच नये.

रेष उमटली. पाण्याच्या रेषेवर, भेंडीच्या रेषेवर, नेमकी.

घरून आणलेल्या अक्षता तिने मशीनवर टाकल्या. माळेला हात घातला आणि जराशी हलवली.

एक झेंडू तुटून हातात आला. मूठ मिटेपर्यंत त्याचा काळा भुगा झाला.

शेडमध्ये धप्प आवाज झाला. ती धावली. पहिल्या कुंडीतलं झाड आडवं पडलं होतं, बुडख्यापर्यंत सडलेलं.

फोन वाजला. मुकुल.

"अगं, लवकर ये. अंतराला एकाएकी ताप भरलाय. अंग नुसतं भाजतंय!"

ती मागे पळाली. तिने माळ होती तशी, होती तिथे बसवली.

"थांब थांब," फोनवर मुकुल म्हणाला. "उतरला वाटतं. बोलतेय गं ती."

त्या जनुकावरचा पेपर आसावरीने लिहिलाच नाही. फेलोशिप संपली तशी तिने त्याच लॅबमध्ये यंत्रं सांभाळायची नोकरी धरली. मॅडम हळहळल्या, पण त्या मशीनजवळ ती कुणाला फिरकू देत नाही.

यंदाच्या दिवाळीला तिने गेल्या वर्षीचा फ्रॉक कपाटातून काढला. फ्रॉक अंतराच्या गुडघ्यांखाली लोंबत होता, गेल्या वर्षीइतकाच.

"आई, बघ," अंतरा म्हणाली, आणि तिने जिभेने दात हलवून दाखवला.