दारानं गायलेली रिस्तेन

कौतोकेइनो गावातल्या किराणा दुकानाचं दार गिऱ्हाईक आत शिरलं की गाऊ लागायचं, आणि आता त्याचं कुणाला नवल उरलं नव्हतं. चौकटीत बसवलेला 'चालवेधी' माणसाची पावलं, श्वास, खांद्यांची लय टिपायचा आणि क्षणभरात त्याचा योइक रचायचा. योइक म्हणजे नॉर्वेच्या या उत्तर टोकाला राहणाऱ्या सामी लोकांचं जुनं गाणं. ते कुणाविषयी योइक गात नाहीत, त्या माणसालाच गातात. आणि ज्याला गायला, योइक त्याच्या मालकीचा होतो, गाणाऱ्याचा राहत नाही.

रिस्तेन त्या दाराला भीक घालत नसे. आत शिरण्याआधी चौकटीवरचं बटण दाबून ती त्याला आपल्यापुरतं गप्प करायची. तिचा योइक निल्लासनं, तिच्या नवऱ्यानं, लग्नाआधीच्या हिवाळ्यात तिला दिला होता. रेनडियरच्या कळपामागे तिच्याबरोबर हिंडून, तिला न्याहाळून रचला, असं तो सांगे. साऱ्या गावाला योइक देणारा गवई आपल्या वाट्याला आला, याचा तिला केवढा तोरा होता.

त्या शनिवारी निल्लास पिठाची पिशवी कवटाळून तिच्यामागे उभा होता. तेवढ्यात वृद्धाश्रमात नव्याने रुजू झालेली बेरित आत आली आणि दार गायलं. रिस्तेनच्या योइकाचे तेच चढते स्वर, मध्येच अडखळून घेतलेली तीच गिरकी, शेवट तसाच अर्धवट सोडलेला. आपल्याला कुणी हाक मारली असं वाटून रिस्तेन वळली. बेरित लाजली. म्हणाली, मी दक्षिणेत शहरात वाढले, मला योइक देणारं घरात कुणी उरलंच नव्हतं. हे यंत्र नसतं तर मी योइकाविनाच राहिले असते.

रिस्तेननं नवऱ्याकडे पाहिलं. तो पिशवीवरची अक्षरं वाचत होता.

गाडीत बसल्यावर त्याला बोलावंच लागलं. लग्नाच्या वर्षी तो एका प्रयोगशाळेत या यंत्राच्या चाचण्यांसाठी गात होता. रिस्तेनच्या चालण्याचं चित्रीकरण त्यानंच यंत्राला दिलं, आणि यंत्रानं रचलेला योइक आपला म्हणून तिला दिला. यंत्राला माणसं दिसत नाहीत, चालीचे साचे दिसतात. एका साच्यातल्या दोघींना ते एकच योइक देणार, हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं.

"शेजाऱ्याच्या कुत्र्यालासुद्धा तू स्वतः योइक दिलास," ती म्हणाली. "मग मलाच का नाही?"

"तू सुरात सापडत नव्हतीस. सगळा हिवाळा शोधलं तुला. आणि तू वाट बघत होतीस."

"तसं सांगायचंस. मी थांबले असते."

"पण तो तुझाच आहे, रिस्तेन. मला तो आता परतही घेता येत नाही."

हे रीतीला धरून होतं, आणि म्हणूनच तिला जास्त लागलं. केसानं गळा कापला होता त्यानं. इतकी वर्षं एकटं वाटलं की ती स्वतःला गुणगुणत आली होती. ते सगळं आता तिला उष्टं वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी ती आईकडे वृद्धाश्रमात गेली. आईला लेकीचं नाव आठवत नसे, चेहराही ओळखू येत नसे. तो योइक तेवढा तिच्यात घट्ट रुतून बसला होता. रिस्तेन दारातूनच तो म्हणायची, की आईला नाव आठवायचं आणि ती हात पसरायची. आज रिस्तेननं ओठ मिटून घेतले. नुसतीच जाऊन समोर बसली आणि आईचा हात हातात घेतला. पोटच्या पोरीची ओळख पटायला यंत्र लागू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

आईनं हळूच हात सोडवून घेतला.

"बसा," ती अदबीनं म्हणाली. "कुणाकडे आलात आपण?"

रिस्तेनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. योइक घशाशी आला होता. तो तिनं गिळला.

तेवढ्यात तोच योइक बाहेरच्या व्हरांड्यातून ऐकू आला. बेरित औषधांची ढकलगाडी घेऊन येत होती, आपला नवा योइक गुणगुणत, बिचारी अगदी खुशीत.

आईचा चेहरा उजळला. रिस्तेनच्या खांद्यावरून तिनं दोन्ही हात दाराकडे पसरले.

"आलीस गं, रिस्तेन."

बेरित दारातच थबकली. काय करावं हे न कळून ती जवळ आली, तेव्हा आईनं तिला शेजारी बसवून घेतलं, तिच्या गालावरून हात फिरवला, आणि समोरच्या बाईकडे पाहत हलक्या आवाजात विचारलं,

"ही कोण गं? मघापासून रडतेय."