बोम्मण्णाचं पुडकं

तुंगेकडे पाठ करून बसू नकोस रे जडेया, तिला खपत नाही. नवा आहेस म्हणून सांगतो. आणि मध्ये खिदळायचं नाही.

ह्या तुंगा हत्तिणीचा जुना माहूत बोम्मण्णा, माझा जोडीदार. त्याचा पोरगा चंद्रा दर दसऱ्याला ह्याच राजवाड्याच्या पटांगणात, ह्याच पत्र्याच्या शेडमध्ये, तुंगेच्या पायाशी वाढला. साळीचे दाणे, गूळ, खोबरं पेंढ्यात बांधून तिला पुडकं दिलं की ह्यालाही हवं! मग बोम्मण्णा त्याच्यासाठी चिमुकलं बांधायचा. साळीशिवाय, नुसतं गूळ-खोबऱ्याचं.

पोरगा शिकला. बेंगळूरला साहेब झाला. एका दसऱ्याला होणाऱ्या सासू-सासऱ्यांना राजवाडा दाखवायला आला. तिकीट काढून, बरं का! दरबार पाहिला, आरसे पाहिले, बाहेर पडले... आणि तुंगेनं त्याच्या खांद्यावर सोंड टाकली.

सासरा हसला. "ओळखते की काय तुम्हाला?"

"छे हो! मला कुठून ओळखणार?"

"घाबरलाय बिचारा," सासू मला म्हणाली. "बाप लहानपणीच वारला ना त्याचा."

बोम्मण्णा तिथंच पुडकी बांधत होता. उठला. हात जोडले. "चुकली, साहेब. म्हातारी झालीय." आणि तुंगेचं तोंड भिंतीकडे वळवलं.

लाज त्या पोराची, पण मान माझी खाली गेली.

लग्नाचं बोलावणं काही आलं नाही.

पुढच्या साली, दसऱ्याच्या आदल्या दिवसाची, आयुधपूजेची रात्र. आज आहे ना, तीच. वाड्याचे दिवे नुकतेच मालवले होते. चंद्रा एकटा आला. वर्षभर त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता म्हणे. शेवटी बायकोला सगळं खरं सांगून निघाला. पहारेकरी आत सोडेना. तेव्हा म्हणाला, "मी माहुताचा पोरगा आहे." कितीतरी वर्षांनी तोंडातून निघालं ते.

तुंगेपाशी कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं. पुडकी बांधत.

"अप्पा..."

हात थांबले नाहीत.

"अप्पा, चुकलो. उद्या सगळ्यांना घेऊन येतो. सांगतो, हा माझा बाप..."

पेंढ्याची सळसळ. बस्स.

"शिव्या तरी द्या, अप्पा..."

तुंगा भिंतीकडे तोंड करून उभी. कान हलेना. साखळी वाजेना.

मला जाग आली. बॅटरी घेऊन गेलो. चंद्रा गुडघ्यांवर. एकटाच.

"कुणाशी बोलतोस रे?"

"अप्पांशी. हे काय, इथं..."

उजेड फिरवला. कुणी नव्हतं.

काय सांगणार? सांगितलं. "पोरा, बोम्मण्णा पावसाळ्यातच गेला. तापानं. ताप चढला तेव्हाच तुला कळवायला निघालो, तर त्यानंच हात धरला. म्हणाला, त्याच्या घरी मी आधीच मेलोय. दोनदा कशाला मारता?"

चंद्रानं तोंड झाकायला हात वर केले...

हातात पुडकं होतं. तळहातात मावेल एवढं. त्याला कुणी दिलं, कधी दिलं, सांगता येईना.

मीच सोडलं. पेंढा ताजा होता.

आत गूळ-खोबरं. साळ नव्हती.