न वाळलेली पायवाट

माझं कोणी खरं मानलं नाही. बाईचं डोकं फिरलं म्हणाले. फिरलं असतं तर बरं होतं, निदान झोप तरी लागली असती.

आमचा तेलाचा घाणा खडकवासल्याला. जवसाचं तेल घेऊन मी पुण्याला, नारायण पेठेत यज्ञेश्वर चिताऱ्याकडे जायची. संगमावरच्या इंग्रज साहेबासाठी तो आमच्याच गावाचा देखावा तेलाच्या रंगात काढत होता. ताणलेल्या कापडावर आधी आभाळ, मग लांबचे निळे डोंगर, मग शेतं. आपला डिंकाचा रंग घटकेत वाळतो, हा आठवडे ओला राहतो. त्यात आमचं घरही होतं, दार लावलेलं. ते वाळून खडखडीत झालं होतं. शेतातली पायवाट तेवढी ओली होती.

एके दिवशी त्या वाटेवर, पार डोंगराच्या पायथ्याशी, ठिपका दिसला.

"हा कोण रे?"

"मावशी, मी माणूस काढलाच नाही. पुसला, तर सकाळी परत हजर. आणि पुढे सरकलेला."

मी वाकून पाहिलं. ठिपका उजवीकडे कलला होता. खांद्यावर तेलाचे बुधले वाहून माझा लेक सुभाना तसाच चालायचा. खर्ड्याच्या मोहिमेत फौजेमागे तेल घेऊन गेला, तो आलाच नाही. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याची नाही. गावाला मात्र सुनेच्या बांगड्या फोडायची घाई.

"हे वाळलं की?"

"जिथं असेल तिथंच राहील..."

तेव्हापासून मी जवसात एरंडेल मिसळून दिलं. एरंडेल वाळत नाही. यज्ञेश्वराला कळलं, तरी तेच तेल रंगात घालत राहिला. सुभाना रोज थोडा थोडा जवळ यायचा. सुनेला सांगितलं तर म्हणाली, "आत्याबाई, माझ्यासाठी गोष्टी रचू नका." आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

मग एका भर दुपारी तो चित्रातल्या आमच्या दाराशी पोचला. नुसता उभा. खोलीत ओल्या मातीचा वास सुटला. कापडामागून टकटक आली... हळू... तो नेहमी वाजवायचा तशी.

"दार उघड रे, बाबा!"

"मावशी... कोण आलंय, ठाऊक नाही आपल्याला."

"माझं पोर आहे. उघड म्हणते ना!"

कुंचल्यानं त्यानं दाराच्या जागी काळा रंग भरला. ठिपका आत शिरला. टकटक थांबली.

मी धावतच सुटले. घरी पोचले तेव्हा तिन्हीसांज झाली होती. दार सताड उघडं. तवा गरम. दोन ताटं मांडलेली, दोन्ही जेवून झालेली. एका ताटाच्या काठावर बोटं उमटलेली, निळी, चित्रातल्या डोंगरांसारखी. सून नव्हती. विहिरीत नाही, नदीत नाही, शिवारात नाही.

चित्रात आता डोंगराकडे जाणारे दोन ठिपके आहेत, पाठमोरे. चित्र वाळलं. ताटावरची बोटं अजून ओली आहेत.

पंच बसले. मी ओरडून सांगितलं, "तो आला होता. दार मी उघडायला लावलं. दोष द्यायचा तर मला द्या!"

पाटील हसला. "तरणी पोर कुणाचा तरी हात धरून गेली, बाई. त्याला भूत कशाला हवं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. नवऱ्याची वाट बघत जिनं उंबरा सोडला नाही, तिलाच वाळीत टाकलं. चावडीवर तिचं नाव पुकारलं: वासंती.