रविवारची वाकडी वेणी

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा चहा पीत होता, आणि मला त्याचा इतका राग आला की तो कप हिसकावून घ्यावा असं वाटलं.

नगरच्या सावेडीतल्या मालनकाकूंच्या पाळणाघराचा एक नियम आहे. सहा वाजले की मुलांना बूट घालून, पाठीला दप्तर अडकवून बाहेरच्या पायरीवर बसवायचं. उशिरा आलेल्या आईला पोर असं पायरीवर दिसावं आणि तिच्या जिवाला लागावं, यासाठीच तो काढला असावा. त्या संध्याकाळी एमआयडीसीतून निघतानाच स्कूटी पंक्चर झाली. धापा टाकत पोचले, तर माझी चार वर्षांची सृष्टी पायरीवर. शेजारी तिच्याच वयाचा एक गुबगुबीत मुलगा, त्याच्याही पायात बूट. आणि त्याचा बाप, माझ्याइतकाच उशिरा आलेला, खुर्चीत बसून आल्याचा चहा पीत होता!

"जयाताई, नोकरी करायची तर पोरीकडंही बघावं माणसानं," काकू सुरू झाल्या. "लेकराचं तोंड बघा किती उतरलंय."

सृष्टी बिस्किट खात होती. तोंड उतरलं नव्हतं, फक्त भरलेलं होतं.

"आणि हे?" मी त्या माणसाकडे बोट केलं. "हे वेळेवर आले का?"

"अहो, अमृतरावांचं वेगळं. बायको गेली त्यांची. एकटा पुरुष लेकराला सांभाळतो, चेष्टा आहे का?"

मीसुद्धा एकटीच होते. नवऱ्यानं घटस्फोट घेऊन पुण्यात दुसरा संसार थाटला होता. पण नवरा सोडून गेलेल्या बाईला कुणी एकटी म्हणत नाही, तिचंच काहीतरी चुकलं असणार असं धरून चालतात. मी सृष्टीला उचललं. तेवढ्यात तो उठला, बशीत अर्धा चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या... अर्धा तुमचा."

"मला कुणाची भीक नको."

"बरं," तो म्हणाला, "पण राग छान आहे तुमचा."

असल्या माणसाला काय बोलणार? दुसऱ्या दिवसापासून त्यानं मला छळायचंच ठरवलं.

"आज कुणावर?" पायरीशी उभा राहून विचारायचा.

"काय कुणावर?"

"राग हो. आज साहेब, की काकू?"

"आज तुम्ही."

"वा! लागला एकदाचा माझा नंबर."

हसला की त्याच्या उजव्या गालाला खळी पडायची. चिडायला मला तीही पुरत असे... आणि तरी प्रेमदान चौकातल्या सिग्नलला थांबले की मी उगाचच आरशात बघून केस नीट करायला लागले होते.

आमच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी. एमआयडीसीत सुट्ट्या अशाच वेगवेगळ्या वारी वाटलेल्या असतात. पाळणाघर मात्र रविवारी बंद. रविवारी सृष्टीला शेजारच्या राहीबाई ठेवून घ्यायच्या. त्या लेकीच्या बाळंतपणाला कोपरगावला गेल्या आणि माझं सगळं गणितच कोसळलं. एका संध्याकाळी पाळणाघराच्या दारातच जामखेडहून आईचा फोन आला.

"पोरगी हिकडं आनून सोड. तुज्यानं दोन्ही हुत न्हाई."

"होतंय आई."

"काय हुतंय? वैजूला पाठवते घ्यायला."

वैजू म्हणजे माझा मोठा भाऊ, वैजनाथ. मी फोन आपटला. एकदा सृष्टी जामखेडला गेली की 'जरा मोठी होऊ दे', 'शाळेत रुळली आता' असं म्हणत वर्षं जाणार, आणि माझी लेक मला सणावारी भेटणार. नोकरी सोडली तर खायचं काय? डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही संताप आला.

"रविवारी मी घरीच असतो," मागून आवाज आला. अमृतनं सगळं ऐकलं होतं. तो पतसंस्थेत होता, त्याची सुट्टी रविवारची.

"उपकार नकोत."

"उपकार कसले? गुरुवारी तुम्ही आमच्या कानिफला ठेवा. त्याला पाळणाघरात दुपारी जबरदस्तीनं झोपवतात, ते त्याला आवडत नाही. फिटंफाट."

फिटंफाट म्हटल्यावर मी कबूल झाले.

आणि मग सगळं दारातल्या दारात सुरू झालं. रविवारी सकाळी मी सृष्टीला त्याच्या दारात सोडायची, गुरुवारी तो कानिफला माझ्या दारात. तो सुट्टीवर असला की मी कामाला, मी सुट्टीवर असले की तो. एक अख्खा दिवस कधी मिळालाच नाही. मिळायचा तो डबा देता-घेताना बोटांना बोट लागण्याइतका वेळ...

"खिचडीत मीठ जास्त होतं," तो सांगायचा.

"मग खाल्ली कशाला?"

"डबा पुसून खाल्ली. फक्त सांगतोय."

सृष्टीची वेणी तो घालायचा. एवढी वाकडी, की ती शेपटासारखी कानावर यायची. सुरुवातीला सोमवारी सकाळी मी ती चिडून सोडायची आणि सरळ घालायची. नंतर एका सोमवारी हात तिथंच थांबला. वाकडी वेणी तशीच राहू दिली. संध्याकाळी पायरीपाशी त्यानं ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं मला छळलं नाही.

पुढच्याच रविवारी त्यानं घात केला.

कंपनीत फोन गेटवर जमा असतो. जेवणाच्या सुट्टीत मी तो घेऊन सृष्टीशी बोलते. त्या दिवशी अमृतनंच फोन उचलला.

"ते... वैजनाथदादा आले होते, तुझ्या शेजाऱ्यांकडून पत्ता घेऊन. नेलं त्यांनी सृष्टीला."

"नेलं? आणि तू दिलीस?"

"मामा आहे तिचा! मामाला पाहून ती उड्या मारत गेली. मी फ्रॉक दिले, वाटेला लाडू बांधून दिले..."

"लाडू बांधून दिले!"

"त्यांनी विचारलं, तुमी हिचे कोन? मी काय सांगणार होतो जया? आजोळी पाठवायला नाही म्हणणारा मी कोण?"

मी फोन बंद केला. साहेबाकडे गेट पास मागितला, तर म्हणाला, "पुन्हा मुलीचं कारण?" मी म्हटलं, "हो, पुन्हा. मला एकच मुलगी आहे, कारणं कुठून आणू?" त्यानं मुकाट्यानं सही केली.

स्टँडवर जामखेडची एसटी लागलेली होती. आत चढले तर खिडकीशी अमृत, त्याच्याशेजारी कानिफ, आणि तिसरी जागा रुमाल टाकून धरलेली.

"तुला कुणी बोलावलं?"

"कुणीच नाही. तरी आलोय."

चिचोंडी पाटील गाव येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. मग मात्र बोलले. त्याला, भावाला, काकूंना, साहेबाला, पुण्याच्या त्या माणसाला, सगळ्यांना एका दमात झोडपलं. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. अमृत खाली मान घालून ऐकत होता.

"झालं?" शेवटी त्यानं विचारलं.

"नाही."

"मावशी, पानी पी," कानिफनं त्याची बाटली पुढे केली. "मंग परत वरड."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला.

घरी पोचलो तर सृष्टी ओसरीवर मामाच्या मांडीवर. मला बघताच धावत आली आणि गळ्यात पडली. आईनं माझ्याकडे बघितलंही नाही. अमृतसाठी खुर्ची आली, पाठोपाठ चहा आला.

"बसा दादा," वैजू म्हणाला. "लई कवतिक हाय तुमचं. गडीमानूस असून पोराला सांभाळताय. न्हाईतर आमची ही... हिला नोकरीचं येड."

"देवमानूसच म्हनायचा," आई म्हणाली.

अमृतनं कप खाली ठेवला.

"आई, मी नोकरी करतो आणि पोराला सांभाळतो. जयाही तेच करते. मग मी देवमाणूस, आणि तिला वेड? हे कसं?" मग तो वैजूकडे वळला. "सकाळी चूक माझी झाली. सृष्टीच्या आईला विचारल्याशिवाय मी तिला द्यायलाच नको होतं. पुन्हा नाही देणार. मामा आला तरी."

वैजू ताडकन उठला. "पन तुमी हिचे कोन लागता?"

अमृतनं तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. उत्तर त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं, पण माझ्या परवानगीशिवाय ते बाहेर येईना. सकाळी सृष्टीला देताना मला विचारायला थांबायला हवं होतं तेव्हा हा थांबला नाही, आणि आता थांबत होता! माझा संयमच सुटला.

"माझा होणारा नवरा आहे!" मी ओरडले. "आणि माझी पोरगी माझ्याकडंच राहणार. नगरला. अजून काही विचारायचंय?"

आई पदर तोंडाला लावून आत गेली. थोड्या वेळानं दुसरा कप घेऊन बाहेर आली आणि माझ्यापुढे ठेवला.

परतीच्या एसटीत सृष्टी माझ्या मांडीवर, कानिफ त्याच्या मांडीवर, दोघंही गाढ झोपलेली. खिडकीतून बारीक पाऊस आत येत होता. त्यानं काच ओढून घेतली, आणि मग काचेवरचा हात तिथून अलगद माझ्या हातावर आला.

"मघाशी... रागात बोललीस ना ते?"

"हो."

"म्हणजे..." त्याचा चेहरा खरंच उतरला.

"अमृत, मी सगळं रागातच बोलते. म्हणून ते खोटं असतं का?"

खळी पडली. मी खिडकीबाहेर बघत राहिले... पण हात काढून घेतला नाही.

सोमवारी आम्हा दोघांनाही उशीर झाला. बूट घातलेली दोन्ही पोरं पायरीवर बसली होती. काकूंनी आधी अमृतच्या हातात चहा दिला, मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या.

"जयाताई, ही काय वेळ झाली?"

अमृतनं तो कप माझ्या हातात दिला. अर्धा नाही, भरलेला. आणि माझ्या पुढे येऊन उभा राहिला.

"बोला काकू," तो म्हणाला. "उशीर मलाही झालाय. आज मी ऐकतो."

मी पायरीवर पोरांच्या मध्ये बसले आणि तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.