गमबुटांचा बैल

शेकोटीपाशी सरका पोरांनो, आणि मध्येच फिदीफिदी हसायचं नाही. भेकी झोंडी माझ्या मेहुण्याचा मुलगा. खोटं बोलायची अक्कलच नाही त्याला.

जुलैतला पहिला शुक्रवार. भेकी जोहान्सबर्गच्या कलासंग्रहालयात गेला, थोरल्या भावाला घरी आणायला. झ्वेली खाणीत दबला त्याला चार वर्षं झाली होती. प्रेत निघालंच नाही, खाणीचं तोंड बुजवून टाकलं. आपल्यात माणूस मरतो तिथून त्याच्या आत्म्याला म्फाफाच्या झाडाच्या काटेरी फांदीवर बसवून घरी आणावं लागतं. पण बुजवलेल्या खाणीत शिरायचं कुठून? म्हाताऱ्या आईला चार वर्षं धड झोप नव्हती.

मग झ्वेलीची पोर शाळेच्या सहलीत त्या संग्रहालयात गेली, तिथे तिला हा बैल दिसला. दबलेल्या माणसांचे जुने गमबूट खाणीवरच्या कपाटांत राहिले होते, तेच कापून, शिवून केलेला. मानेवरच्या बुटाला टेलिफोनच्या हिरव्या तारेचे टाके होते. बापाच्या हातचे टाके पोरीनं ओळखले.

दारावरचा रखवालदार म्हणाला, "काका, झाडपाला आत नेता येत नाही."

"भावाला न्यायला आलोय."

त्यानं टोपी काढली. "जा. पण बैलाला हात लावू नका हं, माझी नोकरी जाईल."

भेकी बैलापुढे उभा राहिला. रडू येईना. दात काढायच्या आधी सुई टोचल्यावर गाल होतो, तसा अख्खा माणूस बधिर. थोरल्याला नावानं कशी हाक मारायची? त्यानं आपल्या रीतीप्रमाणे कुळाच्या नावानं मारली.

"झोंडी, चल. आई वाट बघतेय."

फांदी जड झाली.

आता घर येईपर्यंत मेलेल्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही. टॅक्सीत त्यानं दोन जागा घेतल्या, एक फांदीसाठी. बाकीचे उतारू वाटेत उतरून गेले. रात्री पावणेअकराला डंडी गावाच्या पुढच्या चढावर गाडी धापा टाकायला लागली.

"अरे झोंडी," ड्रायव्हर म्हणाला, "आपण दोघंच ना? मग गाडी भरल्यासारखी का ओढतेय?"

भेकीनं नुसती मान हलवली.

"मागे कोण खोकतंय रे?..."

मागे कोणी नव्हतं.

पुन्हा खोकला. मग दुसरा... वेगळ्या गळ्याचा.

भेकीनं फांदी आवळली. काटे तळव्यात घुसले. दुखलं नाही.

ड्रायव्हरनं आरसा फिरवून ठेवला.

घरी आईनं दार उघडलं. "आणलास माझ्या लेकाला?"

"आणला." भेकीनं फांदी आत, पूर्वजांच्या जागेवर ठेवली. आईनं शेजारी एक चटई अंथरली आणि दार ओढून घेतलं.

सकाळी शेणानं सारवलेल्या जमिनीवर पावलं होती. अनवाणी. बूट तिकडेच राहिले ना! नऊ जोड. सगळी आत येणारी, बाहेर जाणारं एकही नाही. तेव्हा भेकीच्या लक्षात आलं. आपल्याकडची निम्मी पोरं त्या खाणीत होती. झोंडी म्हटल्यावर सगळेच झोंडी उठले.

म्हातारी गुडघ्यांवर बसली. एकेका पावलावर तळहात ठेवत गेली.

"यातला माझा कुठला रे, भेकी? लहानपणीचा पाय असता तर ओळखला असता मी."

म्हातारीनं शेजारून आठ चटया मागून आणल्या.

अजून ती दर शनिवारी जमीन सारवते. रविवारी सकाळी नऊ जोड पावलं पुन्हा उमटलेली असतात.