काढून ठेवलेला दिवा

हे खरं घडलेलं आहे. आधीच सांगून ठेवतो. आमच्या मूल गावात ही गोष्ट निघाली की लोक पहिले हसतात आणि मग हळूच विचारतात, "ती गाडी आता कुठी आहे जी?"

त्याच प्रश्नानं माझी झोप उडते.

दोन हजार सातचा डिसेंबर. चंद्रपूर-मूल रस्ता, चिचपल्लीचं जंगल. आणि रात्रबित्र काही नाही बरं का... चांगली सकाळ होती. भुतांना रात्रच लागते, हे कोणी ठरवलं कोणास ठाऊक!

मी देवराव. माझं टायरचं दुकान आणि गफ्फारभाईंचं गॅरेज एका भिंतीला लागून. माणूस रोखठोक. कोणी भुताचं काढलं की म्हणायचे, "आन इकडं, त्याची बी सर्व्हिसिंग करून देतो."

त्यांची एकुलती एक पोरगी सायमा, बल्लारपूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. तिला एसटीचे धक्के नकोत म्हणून जावई नबीलनं एक जुनी व्हॅन घेतली, गडचांदूरच्या एका एजंटाकडून.

घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी समोरचा पिवळा दिवा लागला.

इंजिनाचं इवलंसं चित्र असतं बघा, तो. गाडीतून निघणाऱ्या धुरात काही गडबड झाली की लागतो. गफ्फारभाई त्याला धुराचा दिवा म्हणायचे.

नबील गाडी घेऊन मूलला आला.

"अब्बा, हा दिवा मनात आलं की लागते अन् मनात आलं की विझते. काऊन असं?"

"ठेवून जा बेटा. पाह्यतो मी."

गफ्फारभाईंनी प्लग बदलले. एअर फिल्टर बदलला. सायलेन्सरमधला सेन्सर नवा टाकला. शेवटी चंद्रपूरच्या दोस्ताकडून तपासणीची मशीन आणून लावली.

मशीन म्हणाली, बिघाड नाही.

आणि समोर दिवा... जळतच होता.

गफ्फारभाई चिडले. दुपारभर इंजिन चालू ठेवून आत-बाहेर करत राहिले. तेव्हा एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली.

सगळ्या काचा लावल्या की दिवा लागायचा.

एक काच जरा सरकवली... की विझायचा.

आता सांगा, काचेचा आणि त्या दिव्याचा काय संबंध? एक तार नाही दोघांत! त्यांनी पुन्हा काचा लावल्या. दिवा लागला. त्यांनी काचेकडे हात नेला, आणि तेवढ्यात...

मागच्या सीटवर कोणीतरी खोकलं.

बाईमाणसाचा खोकला. दाबलेला, तोंडावर पदर धरल्यासारखा.

त्यांनी वळून पाहिलं. मागं कोणी नाही. मागची सरकती काच मात्र त्यांना नीट दिसली. कोणीतरी ती स्क्रू मारून कायमची बंद केली होती. स्क्रू गंजलेला होता. काढायला गेले तर पेचकस नुसता घसरला.

"जाऊ दे," ते म्हणाले, पण आवाज जरा उतरलेला होता.

त्यानंतर त्यांनी जे केलं, ते जुन्या गाड्यांच्या धंद्यात सगळेच करतात. मीटर खोलला आणि दिव्याचा बल्बच काढून घेतला. दिवा दिसला नाही की गिऱ्हाईकही खूश आणि मिस्त्रीही मोकळा. जावयासमोर "मले समजलं नाई" म्हणायची त्यांना लाज वाटली, दुसरं काही नाही. बल्ब टेबलावर नटबोल्टच्या डब्याच्या झाकणात टाकला.

"झाली काय अब्बा?" नबीलनं विचारलं.

"झाली. आता तरास नाई देनार."

आठवड्यानं सायमा यायची होती. त्या दिवशी तिच्या आईनं, खैरुनभाभींनी, सकाळपासून चूल पेटवलेली. धुकं असं, की माझ्या दुकानातून समोरचं झाड दिसेना. नबीलचा चंद्रपूरहून फोन आला.

"लय थंडी हाय अब्बा. सायमाले कापरं भरलं. काचा लावून येऊन राह्यलो."

"ये आरामात," गफ्फारभाई म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली.

"देवराव... इकडं ये. हे पाह्य."

टेबलावरच्या झाकणात... तो बल्ब जळत होता.

ना तार, ना बॅटरी. नटबोल्टच्या मधात पडलेला, आणि पिवळा उजेड. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बोट लावलं तर चटका बसला.

"काचा," गफ्फारभाई म्हणाले. "बाप्पा! काचा लावल्या त्यायनं."

नबीलला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. मग बल्ब खिशात टाकून त्यांनी मोटरसायकलला किक मारली. मी "थांबा" म्हणेपर्यंत ते धुक्यात गडप झाले.

पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं.

जंगल लागलं. एरवी त्या रस्त्यावर माकडं गाडीच्या आडवी येतात, पाखरं ओरडतात. त्या दिवशी कशाचाच आवाज नव्हता. शर्टाच्या खिशातून उजेड बाहेर येत होता आणि छातीला चटके बसत होते. ते मोठमोठ्यानं अल्लाचं नाव घेत होते, आणि मधेच स्वतःला शिव्या देत होते. "एक बल्ब काढला मी. माझ्या पोरीच्या गाडीचा बल्ब काढला."

मग खिशातला उजेड एकदम विझला आणि समोरून... इंजिनाचा आवाज आला.

एकाच जागी चालू असलेल्या इंजिनाचा.

व्हॅन रस्त्याच्या खाली उतरून उभी होती. समोरून सगळ्या काचा लावलेल्या दिसत होत्या, आतून पांढऱ्या झालेल्या. नबीलचं डोकं स्टिअरिंगवर होतं. चक्कर आली म्हणून त्यानं गाडी थांबवली होती आणि परत सुरू होणार नाही या भीतीनं इंजिन चालूच ठेवलं होतं.

गफ्फारभाईंनी दगड घालून पुढची काच फोडली, चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि मागचं दार ओढलं.

सायमा खिडकीला टेकून बसलेली होती, डोळे मिटलेले. तिचं तोंड एका फटीला लागलेलं होतं. बोटभर फट.

मागची काच... उघडी होती. गंजलेला स्क्रू सीटवर पडला होता.

"सायमा! ए बेटा!"

तिनं एकदम श्वास घेतला. गफ्फारभाई तिथंच रस्त्याच्या कडेला बसून लहान लेकरासारखे रडले. एक ट्रकवाला थांबला, म्हणून दोघंही चंद्रपूरच्या दवाखान्यात वेळेवर पोहोचली. डॉक्टर म्हणाले, ती फट नसती तर कोणीच हाती लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सायमानं विचारलं, "अब्बू, ती बाई कोन होती?"

"कोनती बाई?"

"माह्या बाजूले बसून होती. खोकत होती लय. तिनं माही मान धरून काचेपाशी नेली. हात ओले होते तिचे."

नबील म्हणाला, आम्ही दोघंच होतो.

गफ्फारभाईंनी गाडी खोलली. सायलेन्सरच्या वरच्या अंगाला, जिथं हात जात नाही, तिथं लांबच लांब चीर होती. कोणीतरी पुट्टी भरून, काळा रंग मारून ती लपवलेली होती. धूर सरळ आत येत होता. त्यांनी गडचांदूरला जाऊन एजंटाची कॉलर धरली.

"या गाडीत कोन मेलं?"

एजंटानं कॉलर सोडवून घेतली. त्यानं दुकानाचं शटर ओढून घेतलं, बस्स. पुन्हा गेले तेव्हा शटर बंदच होतं.

आणि तो बल्ब... तो त्यांनी बॅटरीला लावून पाहिला. लागला नाही. उजेडाकडे धरून पाहिलं, तर आतली तार तुटलेली होती. बल्ब कधीचाच उडालेला होता.

सायमाला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. व्हॅन गफ्फारभाईंनी भंगारवाल्याला देऊन टाकली. "अख्खी नको विकू. काटून टाकजो." तो हो म्हणाला. पण चालती गाडी कोण कापतं? त्यानं ती अख्खीच विकली. कोणाला विकली, ते त्याला आता सांगता येत नाही.

बल्ब अजून त्याच झाकणात आहे. मी एकदा म्हणालो, "भाई, फेकून द्या ना नदीत."

"फेकला अन् तिकडं पेटला, तं कोन पाह्यीन?"

दोन हजार नऊचा हिवाळा. असंच धुकं. आम्ही दोघं गॅरेजमध्ये चहा पीत बसलो होतो. आणि झाकणात...

पिवळा उजेड.

गफ्फारभाईंनी कप खाली ठेवला. त्यांनी झटकन मोबाइल काढला, बटनावर अंगठा ठेवला आणि तसेच उभे राहिले.

"देवराव," ते म्हणाले, "कोनाले लावू?"

बल्ब जळत राहिला. बराच वेळ जळला. आम्ही नुसते पाहत बसलो. मग तो हळूहळू बारीक होत विझला.

"विझला," गफ्फारभाई म्हणाले. "म्हंजे कोनीतरी काच उघडली असन. नाई का रे?"

मी म्हणालो, "हो भाई. उघडली असन."